वहीभर डोकी, धड एकाचंही नाही

प्रश्न : दोन वर्षांपासून मी फोटोवरून पेन्सिलनं पक्षी काढते. एकेका चित्राला चार-पाच तास लागतात, पीस न् पीस जमतं, बघणाऱ्याला चित्र फोटोच वाटतं. गेल्या महिन्यापासून समोरचा जिवंत पक्षी बघून काढायचं ठरवलं आणि सगळं फसलं. डोळा आणि चोच होते न होते तोच पाखरू भुर्र. वही उघडली की नुसती डोकी दिसतात, धड एकाचंही नाही. जे दोन-तीन पूर्ण झाले ते पेंढा भरल्यासारखे दिसतात. माझा हात कच्चा आहे की वेग कमी पडतोय? दुर्बिणीतून बघत राहू की कागदाकडे बघू, तेही कळत नाही. पेन्सिल किंवा कागद बदलायला हवा का?

उत्तर : हात कच्चा असता तर फोटोवरूनही जमलं नसतं, त्यामुळे ती काळजी सोडा. वेगही पुरेसा आहे. वीस सेकंदांत डोळा आणि चोच नीट उतरवणारी व्यक्ती संथ नव्हे. अडतंय ते क्रमावर. फोटो समोर असताना सुरुवात कुठूनही केली तरी चालतं, कारण पक्षी कुठे जाणार नसतो. म्हणून बहुतेक जण डोळ्यापासून निघतात आणि मागे सरकत सरकत शेपटीपर्यंत पोचतात. बाहेर हाच क्रम बुडवतो. पक्षी विसाव्या सेकंदाला उडाला की हाती उरतो डोळा. थोड्या अंतरावरून तो चिमणीचा काय आणि कबुतराचा काय, एक काळा ठिपकाच. तो पक्षी कसा बसला होता, मान कुठे वळली होती, वजन कुठल्या पायावर होतं, यातलं काहीच कागदावर आलेलं नसतं.

क्रम असा हवा की पक्षी कुठल्याही क्षणी उडाला तरी तोवर कागदावर आलेलं त्याचंच असेल. पहिली रेषा धडाच्या कलाची. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पक्षी कसा कललेला आहे ते एका फटक्यात. हा कल घड्याळाच्या काट्यांवरून ओळखायची सवय लावा: फांदीवर ताठ बसलेला ससाणा एकच्या काट्यासारखा उभा असतो, पाण्यावरचं बदक पावणेतीनच्या काट्यांसारखं आडवं. ही रेषा चुकली की पुढे कितीही कौशल्य ओता, पक्षी ओळखू येत नाही. त्या रेषेवर धडाचा अंडाकार. मग डोक्याचा गोळा, पण तो गोळा धडाच्या मानानं केवढा आणि धडापासून किती दूर, एवढंच बघून. नंतर शेपटीची दिशा आणि पायाची बोटं जिथे टेकलीत तिथे एक खूण. इथवर पंधरा-वीस सेकंद. चोचीसाठी फक्त एक रेष, तिची दिशा दाखवणारी. डोळ्याच्या जागी टिंब.

आता पक्षी उडू दे. कागदावर एका ठरावीक पक्ष्याचं ठरावीक बसणं आलेलं आहे.

तो थांबलाच, तर पुढच्या मिनिटात पंखाची खालची कड, पंखाचं टोक शेपटीवर कुठवर येतं ते, पोटाची रेषा आणि पायांची जाडी. त्याच्याही पुढे वेळ मिळाला तर गडद भाग कुठे आणि उजळ कुठे, त्याचे सपाट ठोकळे. पिसं आणि डोळ्यातली चमक अगदी शेवटी. बऱ्याचदा ती वेळ येणारच नाही. आली नाही म्हणून चित्र अपुरं राहिलं असं वाटून घेऊ नका.

पान वापरायची पद्धतही बदलावी लागेल. एका पानावर एक पक्षी ही फोटोची सवय. बाहेर एकाच पानावर सहा-सात सुरुवाती करायच्या आणि त्या सगळ्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या. पक्षी सतत हलतो हे खरं, पण तो ठरावीक मुद्रांमध्ये फिरत असतो. चरणारं कबूतर मान खाली घालतं, टिपतं, वर बघतं, दोन पावलं टाकतं आणि पुन्हा मान खाली. पिसं साफ करणारं बदक शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलाच्या ग्रंथीवर चोच घासतं, मग छाती, मग पंखाची आतली बाजू, आणि पुन्हा मुळाशी जातं. म्हणजे आत्ता मोडलेली मुद्रा थोड्या वेळानं परत येण्याची शक्यता बरीच असते. पक्ष्यानं मान वर केली की अर्धं राहिलेलं चित्र तसंच सोडून शेजारी नवीन सुरू करा. मान खाली गेली की पहिल्यावर परत या. अर्ध्या तासात त्या सातांपैकी दोन-तीन पुष्कळ पुढे गेलेली असतात आणि बाकीची चार नुसत्या दोन-तीन रेषांची राहतात. तसंच व्हायला हवं.

यात एक मोह आवरावा लागतो. पक्ष्यानं मान वळवली की हात आपोआप काढलेली मान खोडून नवी काढायला धावतो. मग धड पहिल्या क्षणाचं, मान दुसऱ्या क्षणाची आणि पाय तिसऱ्या, असा एक पक्षी तयार होतो जो कधीच अस्तित्वात नव्हता. पेंढा भरल्यासारखं दिसण्याचं एक कारण हेच. मुद्रा बदलली की चित्र बदलू नका, नवं सुरू करा. त्यासाठीच पहिला महिनाभर खोडरबर घरी ठेवा. चुकलेली रेषा कागदावर राहू द्या आणि बरोबर रेषा तिच्या शेजारी जरा जोर देऊन काढा. चुकीची रेषा समोर असली की किती सरकायचं ते कळतं. खोडून टाकली तर तीच चूक पुन्हा त्याच जागी होते.

दुर्बीण की कागद, हा प्रश्न विचारलात ते बरं केलं, कारण खरी मेख तिथे आहे. बहुतेक वेळा लोक दोन सेकंद पक्षी बघतात आणि दहा सेकंद कागद. हे उलटं करा: दहा सेकंद बघणं, तीन सेकंद काढणं. बघतानाही नुसतं टक लावून बसू नका, मनात एक प्रश्न घेऊन बघा. ‘डोकं धडाच्या किती पट?’ एवढाच. उत्तर मिळालं की काढा. मग पुढचा: ‘शेपटी पंखाच्या टोकापलीकडे किती?’ एका नजरेत एक उत्तर लक्षात राहतं. पाच गोष्टी एकदम आणायला गेलात तर वाटेत चार सांडतात. आणि पक्षी उडाला की लगेच कागदाकडे वळू नका. डोळे मिटा, जे दिसलं होतं ते दोन क्षण धरून ठेवा, मग काढा. उडाल्यानंतरचा अर्धा मिनिट फार मोलाचा असतो आणि नवखे तो हळहळण्यात घालवतात.

सुरुवातीला दुर्बीण नकोच. दहा-पंधरा मीटरवर नुसत्या डोळ्यांनी नीट दिसणारा पक्षी निवडा: कबूतर, कावळा, कोंबडी, झोपलेलं बदक, पाण्याकाठी टपून बसलेला बगळा. बगळा शिकार हेरताना कितीतरी वेळ जागचा हलत नाही. चिमण्या आणि त्याहून लहान पक्षी पहिल्या महिन्यात वर्ज्य. कोंबडीला कमी लेखू नका. ती लांब उडून जात नाही, बिचकत नाही, आणि पक्ष्याच्या शरीराचं सगळं शास्त्र तिच्याजवळ असतं.

दुर्बीण घ्यायचीच झाली तर ८×४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाची. १० पटीची हातात जास्त थरथरते, आणि पेन्सिल सोडून दोन्ही हात दुर्बिणीला लावणं सारखं सारखं शक्य नसतं. पट्टा आखूड करून दुर्बीण छातीवर टेकेल अशी ठेवा, म्हणजे एका हातानं उचलता येते. तिपाईवरची एकनळी दुर्बीण यासाठी जास्त सोयीची. तिची बघायची बाजू वर वळलेली घ्या. मान खाली झुकवून बघायचं आणि नजर जराशी सरकवली की खाली मांडीवर वही. सरळ नळीत दर वेळी अख्खं डोकं हलवावं लागतं. एक धोका मात्र लक्षात ठेवा. दुर्बीण खोली चपटी करते. तुमच्याकडे तोंड करून बसलेल्या पक्ष्याचं डोकं जवळ आणि शेपटी लांब असूनही दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात. त्यामुळे दुर्बिणीतून काढताना बाजूनं दिसणारा किंवा जरासा वळलेला पक्षी निवडा.

आता ‘पेंढा भरल्यासारखं’. हे तुम्ही स्वतःच ओळखलंत, म्हणजे निम्मं काम झालं. कारणं चार-पाच आहेत.

पहिलं, पाय. पक्ष्याच्या पायाला मागे वळणारा जो सांधा दिसतो त्याला लोक गुडघा समजतात. तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वळतो. घोट्याखालची लांब काडी म्हणजे खरं तर पाऊल. पक्षी बोटांवर उभा असतो. हे ठाऊक नसलं की पाय पोटाला खाली टोचलेल्या काड्यांसारखे येतात. मांडी दिसत नसली तरी ती पुढच्या बाजूला तिरकी जाते, तिथून पोटरी मागे येते आणि घोट्यापासून पाऊल पुन्हा पुढे, असा आतला इंग्रजी झेडसारखा मोडलेला मार्ग मनात धरून मगच दिसणारा भाग काढा. मग तोल तपासा. बोटांच्या मधून सरळ वर रेषा नेली तर ती धडाच्या जड भागातून गेली पाहिजे. नाही गेली तर तुमचा पक्षी पुढे किंवा मागे कोलमडतोय. एका पायावर उभ्या पक्ष्याचा तो पाय शरीराच्या मध्याखाली सरकलेला असतो. नवख्याच्या चित्रात तो बाजूलाच राहतो आणि पक्षी खिळ्यानं ठोकल्यासारखा दिसतो. पाणबुड्या पक्ष्यांचे पाय फार मागे असतात. म्हणूनच जमिनीवर उभं राहताना त्यांना अंग उभं धरावं लागतं.

बोटांची मांडणीही बघून घ्या. बहुतेक पक्ष्यांची तीन पुढे, एक मागे. सुतार आणि पोपटांची दोन पुढे, दोन मागे. फांदी पकडलेला पंजा काढताना आधी फांदी काढा, मग तिला वळसा घालणारी बोटं. आधी बोटं काढून मागून फांदी आत सरकवली तर पकड कधीच घट्ट दिसत नाही.

दुसरं, पंख. मिटलेला पंख म्हणजे बाजूला चिकटवलेलं पान नव्हे. तो खिशात घातलेल्या हातासारखा असतो. वरच्या कडेवर खांद्याची पिसं येऊन पडतात, पुढच्या आणि खालच्या कडेवर छातीच्या बगलेची पिसं चढतात. त्यामुळे पंखाची संपूर्ण कड कधीच दिसत नाही. अंगावरची पिसं तिच्यावर चढतात तिथे रेषा तोडा, पंख आपोआप अंगात जाईल. मिटलेल्या पंखाचा क्रमही समजून घ्या: शरीरालगतची तीन-चार पिसं सर्वांत वर झाकणासारखी असतात, आणि टोकाकडची लांब पिसं त्यांच्याखाली पंख्याच्या काड्यांसारखी सरकून बसतात. ही लांब पिसं बहुतेक पक्ष्यांत १० च्या आसपास, शेपटीची बहुधा १२. पण मिटलेल्या पंखात टोकाकडच्यांची फक्त शेवटं डोकावतात, आणि मिटलेली शेपटी तर दोन-तीन पिसांची वाटते. मोजून सगळी काढायला गेलात तर चूक ठरेल. ती दिसत नसतात.

तिसरं, चोच. गाजर चिकटवल्यासारखी चोच हा सगळ्यांत जास्त दिसणारा दोष. चोच कवटीतूनच बाहेर येते, त्यामुळे तिची वरची कड कपाळात शिरते आणि खालची गळ्यात मिसळते. तोंडाची चीर चोचीच्या बुडाशी संपत नाही. ती मागे गालाकडे जाते, बहुतेक पक्ष्यांत डोळ्याच्या जरा पुढे किंवा खालपर्यंत. आधी ही चीर काढा, मग तिच्या वर आणि खाली चोचीची जाडी द्या. डोळा त्या चिरेच्या टोकाच्या वर कुठेतरी येतो, डोक्याच्या मधोमध क्वचितच. तुमच्या वहीतली डोकी तपासा: डोळा बहुधा फार मागे आणि फार मोठा आला असेल. फोटोत तो जवळून दिसतो, त्याची सवय हाताला लागलेली असते.

चौथं, मान. सस्तन प्राण्यांच्या मानेत बहुधा ७ मणके असतात. पक्ष्यांच्या मानेत जातीनुसार १३ ते २५. म्हणजे मान आखूड दिसणाऱ्या कबुतराचीही मान आत इंग्रजी एससारखी दुमडलेली असते आणि पिसं तिच्यावर पांघरूण घालतात. ती क्षणात लांबते, क्षणात आत जाते. म्हणून ‘या पक्ष्याची मान एवढी’ असं पाठ करून ठेवू नका. तीच गोष्ट एकूण आकाराची. थंडीत किंवा झोपेत पिसं फुलवून बसलेला पक्षी चेंडू होतो, उन्हात किंवा भीतीनं पिसं चापून बसवलेला तोच पक्षी निम्मा वाटतो. दोन्ही चित्रं खरी. तुम्हाला आतापर्यंत ज्यांचं प्रमाण चुकलं असं वाटलं, त्यांतली काही चुकलेली नसतीलच.

आणि पाचवं, सगळीकडे सारख्या जाडीची बाह्यरेषा. कात्रीनं कापल्यासारखी कड दिसली की पक्षी पुठ्ठ्याचा होतो. जिथे वजन आहे, सावली आहे, कड टणक आहे (चोच, पंखाचं टोक, पायाची पकड) तिथे रेषा जोरकस. जिथे मऊ पिसं हवेत विरतात (पोट, बगल, मानेची मागची बाजू) तिथे पुसट किंवा तुटक. अंगावर खवल्यांसारखी पिसं भरत जाऊ नका; पेन्सिल पिसांच्या वाढीच्या दिशेनं चालवा, तेवढं पुरतं. सुटी पिसं दाखवायची तर पंखाच्या टोकाला, शेपटीला आणि झाकणपिसांच्या एखाद्या कडेला.

छायेबद्दल थोडंच सांगतो, कारण फोटोच्या कामामुळे ती तुम्हाला येते. डोळे बारीक करून बघा आणि फक्त तीन छटा निवडा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. कावळा सगळा काळा काढू नका. उन्हात त्याची पाठ चकाकते आणि तिथे जवळजवळ कोरा कागद सोडावा लागतो. उलट, पांढऱ्या बगळ्याला बाहेरून काळी रेष मारू नका. त्याच्या मागे हलका करडा पट्टा द्या, तो आपोआप पांढरा होईल. त्याचं पोट सावलीत असतं, पण पाण्याचा किंवा जमिनीचा उजेड खालून परावर्तित होतो. त्यामुळे सर्वांत गडद पट्टा अगदी खालच्या कडेला न येता तिच्या जरा वर येतो. ऊन पाठीशी घेऊन, सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत बसा. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळे आकार सपाट होतात आणि पक्षीही सावलीला जातात.

साहित्य. फारसं काही बदलायला नको, कमी मात्र करावं लागेल. पेन्सिलच्या कांडीत ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण असतं. फ्रान्समध्ये कॉन्ते यानं १७९५ साली ही पद्धत शोधली. माती जास्त तर कांडी कडक, म्हणजे एच. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, म्हणजे बी. बाहेर एक २बी पुरे, गडद ठोकळ्यांसाठी फार तर ४बी. एचच्या पेन्सिली नेऊ नका, घाईत त्या कागदावर चरे पाडतात आणि त्या चऱ्यांत नंतर छाया बसत नाही. ६बी वहीत समोरच्या पानावर उतरते. शार्पनरपेक्षा ब्लेडनं टोक काढा, कांडी आठ-दहा मिलिमीटर उघडी राहील असं. आडवी धरली की रुंद छाया, उभी धरली की रेष, दोन्ही एकाच पेन्सिलीतून. आणि पेन्सिल टोकापासून पाच-सहा सेंटिमीटर मागे धरा. लिहिताना धरतो तशी धरली तर फक्त बोटं हलतात आणि हात आपसूक बारीकसारीक तपशिलाकडे ओढतो. मागे धरली की रेष मनगट-कोपरातून येते.

कागद १२० ते १५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), किंचित खरखरीत. फार गुळगुळीत कागदावर ग्रॅफाइट घसरतं, फार खरखरीतवर लहान चोच तुटक येते. वही ए५, जाड पुठ्ठ्याची, म्हणजे गुडघ्यावर ठेवून काढता येते. वाऱ्यासाठी दोन क्लिपा आणि पानांमध्ये घालायला बटर पेपरचा एक तुकडा. पक्षी पाच ते सात सेंटिमीटरचा काढा. मोठा काढायला गेलात की रेषा पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि शेपटी पानाबाहेर जाते, हा हमखास अनुभव.

चित्राशेजारी लिहायला लाजू नका. वेळ, ऊन कुठून येत होतं, अंतर, रंग कुठे कुठला (बाण करून), ‘मान अजून आखूड’ अशी स्वतःलाच सूचना. काढायला वेळ नसतो तिथे शब्द काम करतात.

पक्षी उडणार हे आधी कळतं, आणि ते कळणं चित्रकाराला फार उपयोगी पडतं. खाणं थांबतं, मान ताठ होते, पिसं अंगाला चापून बसतात, मग तो जरा दबतो आणि पुढे झुकतो. उडण्याच्या आधी बऱ्याचदा शिटतोही. मान ताठ झाली त्या क्षणी तपशील सोडा आणि राहिलेली मोठी रेष ओढून घ्या. पण ही चिन्हं तुम्ही जवळ गेल्यामुळे दिसत असतील तर मागे सरका. ओरडून इशारा देणारा, घरट्याभोवती अस्वस्थ फिरणारा किंवा चोचीत खाऊ धरून आत जायला बिचकणारा पक्षी दिसला तर तिथे चित्र काढायचंच नाही. घरटं सोडून तो जितका वेळ बाहेर राहील, तितका वेळ अंडी थंड पडतात.

चालणाऱ्या कबुतराबद्दल एक गंमत, जी थेट कामाची आहे. ते डोकं पुढेमागे हलवतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते डोकं झटक्यानं पुढे नेतं आणि मग अंग पुढे येईपर्यंत ते हवेत जागच्या जागी स्थिर धरतं, म्हणजे भोवतालचं चित्र डोळ्यात हलत नाही. १९७८ साली कबुतरांना फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं तेव्हा भोवताल सरकत नसल्यामुळे त्यांचं हे डोकं हलवणं थांबलं होतं. तुमच्यासाठी अर्थ एवढाच: चालतानाही डोकं प्रत्येक पावलाला क्षणभर थांबतं. नजर अंगावरून काढून डोक्यावर ठेवा, तो क्षण सापडतो.

उडता पक्षी सध्या बाजूला ठेवा. अगदीच राहवलं नाही तर पंख पसरून तरंगणारी घार घ्या, फडफडणारा पक्षी नको. पंख म्हणजे हात: खांदा, कोपर, मनगट. मनगटापासून पुढे टोकाची पिसं, कोपर ते मनगट मधली. हे तीन सांधे खुणेनं मांडून मगच कड काढा. फडफडीचे टप्पे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाला त्यासाठी १८८२ साली सेकंदाला १२ चित्रं टिपणारी बंदुकीच्या आकाराची कॅमेरायंत्रणा बनवावी लागली होती. तेव्हा तिथे डोळ्याला दोष देऊ नका.

घरी सराव करायचा तर फोटोऐवजी व्हिडिओ लावा. नेहमीच्या वेगानं, थांबवायचा नाही, मागे न्यायचा नाही. पंधरा मिनिटांत वीस चित्रं, प्रत्येकी फक्त पहिल्या चार रेषा. त्यानंतर पाच चित्रं अशी: पंधरा सेकंद बघायचं, पडदा झाकायचा, आठवून काढायचं, मग पडदा उघडून कुठे चुकलं ते बघायचं. पुढे त्यात बदल करू नका, चूक बाणानं दाखवा. रोज एवढं, तीन आठवडे. फोटोवरची मोठी चित्रं या काळात बंद ठेवलीत तर जास्त चांगलं. दोन्ही चालू ठेवली तर हात प्रत्येक वेळी जुन्या क्रमाकडे, डोळ्याकडे पळतो. बाहेरचं रेखाटन घरी आणून फोटो बघून सुधारू नका. सुधारायचंच असेल तर नवं पान घ्या आणि जुनं शेजारी ठेवा. बाहेरच्या पानात जे खरं पकडलेलं असतं ते नीटनेटकं करण्याच्या नादात पहिलं पुसलं जातं.

आणि ती धड नसलेल्या डोक्यांची वही टाकून देऊ नका. प्रत्येक डोक्याखाली पक्ष्याचं नाव लिहा, आणि चोच डोक्याच्या मानाने केवढी ते मोजून आकड्यात लिहा: पाऊण डोकं, दीड डोकं, जे असेल ते. त्याच जातीचा पक्षी पुढच्या वेळी दिसला की बाहेर डोक्याचा फक्त गोळा आणि चोचीची दिशा काढा, सगळा वेळ धड, पाय आणि पंखाला द्या. नव्या पानावर चित्र पूर्ण करताना डोकं या वहीतून घ्या.